गाडी आपोआप रेस घेते

केनवडात गाडी बिघडली की आधी गावाचं मत घेतात, मग मेकॅनिकचं. इंद्रभानच्या गाडीबद्दल तर अकरा महिने नुसतं मतच चाललं होतं.

गाडी त्याच्या पोराची, हरीओमची. हरीओम आठ दिवसांच्या तापात गेला. चोविसावं लागलं होतं. गाडीला ताप आला नाही, म्हणून ती राहिली. रोज सकाळी सातला इंद्रभान ती अंगणात काढायचा, किक मारायचा आणि स्टँडवरच दहा मिनिटं चालू ठेवायचा. बॅटरी बसू नये म्हणून, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

थंड असताना गाडी गरीब गाईसारखी चालायची. तापली, की चारपाच मिनिटांनी आवाज आपला आपणच चढायचा. मुठीवर कोणाचा हात नाही आणि गाडी रेस घेतेय. हरीओम निघायच्या घाईत असताना द्यायचा, अगदी तशी. कारण आईचा डबा कधी वेळेवर तयार नसायचा.

आवाज चढला की इंद्रभानची बायको रुख्मिणी डबा घेऊन बाहेर यायची. हँडलला अडकवायची आणि आत जायची. मग इंद्रभान गाडी बंद करायचा, डबा उचलायचा आणि पायीच वावरात जायचा. लेकाचा डबा बाप खायचा.

गावानं आपल्या परीनं निदान केलं. एकानं पेट्रोलमधली भेसळ काढली. नानीबाईच्या लक्षात आलं, की गाडीचं तोंड दक्षिणेला आहे. ते फिरवलं. गाडीनं उत्तरेकडे तोंड करून तेवढीच रेस घेतली. जन्मभर सायकलवर फिरलेल्या फुलसिंगनं स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा, स्क्रू ढिला करायला लावला. त्यानं गाडी थंड असताना बंद पडू लागली आणि तापल्यावर पहिल्यासारखीच चढू लागली.

"मंजे अर्धी सुदरली," फुलसिंग म्हणाला.

इंद्रभानला काळजी गाडीची नव्हती. रुख्मिणीची होती. बाईला अजून वाटतं, पोरगं निघालंय. वर्ष व्हायला आलं. हा आवाज थांबला नाही तर हिचं डोकं फिरेल. म्हणून एक दिवस तो गाडी ढकलत बसस्टँडजवळ राजपालच्या गॅरेजवर घेऊन गेला.

"चालवत काहून नाही आनली काका?"

"तापते ना ते."

राजपालनं गाडी सुरू करून तापू दिली. आवाज चढला, तसं त्यानं हँडल डावीउजवीकडे फिरवून पाहिलं. फरक नाही. "केबल बरोबर हाय." मग ओलं फडकं घेऊन कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर दाबलं. चढलेला आवाज झटकन खाली आला. फडकं काढलं, पुन्हा चढला.

"सापडलं. रबर चिरलं हाय. थंड असलं की चीर मिटते, तापलं की उघडते. तिथून फालतूची हवा ओढून राह्यली गाडी. आन स्क्रू कोन्या शहान्यानं फिरवला?"

"गावानं."

राजपालनं नवीन रबर बसवलं, स्क्रू जागेवर आणला आणि जुनं रबर इंद्रभानच्या हातात दिलं. बदलल्याचा पुरावा म्हणून जुना माल गिऱ्हाइकाला द्यायचा, अशी त्याची रीत. इंद्रभाननं ते खिशात घातलं.

घरी आल्यावर त्यानं गाडी अंगणात लावली आणि किक मारली. गाडी एका सुरात चालू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाज चढला नाही. तरी रुख्मिणी बाहेर आली. हातात डबा नव्हता.

"रबर बदललं काय?"

ओट्यावर बसलेल्या इंद्रभाननं वर पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

रुख्मिणी आत गेली आणि शिलाई मशीनच्या खणातून प्लास्टिकची पुडी घेऊन आली. पिन मारलेली, न उघडलेली. आत तसंच रबर होतं, कोरं.

"त्यानंच आनून ठेवलं होतं. आई, रबर चिरलं, आइतवारी बसवतो म्हने. बुदवारी ताप आला."

"अवं, अकरा महिने सारं गाव इचारून राह्यलं! बोलली काहून नाही?"

"मले कोनं इचारलं?" ती त्याच्या शेजारी बसली. "तेरवीपासून तुमी हातरुनातून उठत नोहते. मंग येक दिवस उठले, गाडीपाशी गेले, म्हने, हिचं काय बिघडलं पायतो. मी म्हटलं, बिघडेलच राहू दे."

"आन डबा?"

"तो आवाज आल्यावर देल्ला, म्हनून तं खाल्ला तुमी. एरवी हात लावत होते काय?"

"मले वाटे, तुले वाटते का पोरगं..."

"त्याच्या तोंडात शेवटचं पानी मी टाकलं," रुख्मिणी म्हणाली. "मले काय वाटन?"

इंद्रभाननं खिशातलं चिरलेलं रबर काढलं आणि कोऱ्या पुडीशेजारी ओट्यावर ठेवलं. आता त्याला तिच्यासाठी गाडी दुरुस्त करायची नव्हती, की तिला त्याच्यासाठी ती बिघडलेली ठेवायची नव्हती. दोन्ही कामं राजपालनं अर्ध्या तासात संपवली होती.

मग ती म्हणाली, "उद्यापासून गाडीवर जात जा वावरात. सुदरली तं सुदरली."

"मले चालवता कुटी येते?"

"मालूम हाय." रुख्मिणीनं पदरानं पुडीवरची धूळ पुसली. "बाबाले शिकवतो म्हने. रबर बसवलं की. त्याच आइतवारी."

गाडी एका सुरात चालत राहिली. बंद करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.