चार ठेके शांतता

माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर एक स्विच आहे. वर केला की मानेजवळची पिकअप बोलते, खाली केला की पुलाजवळची, म्हणजे तारा जिथे खाली बांधलेल्या असतात तिथली. मध्ये ठेवला की दोघी. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली डबी, आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की डबीला कळतं आणि ती स्पीकरकडे चुगली करते.

ही गोष्टसुद्धा मी त्या स्विचवरच सांगणार आहे. आमच्या घरात बोलणारी माणसं दोन, दादा आणि वहिनी. मी आपली स्विच.

आधी माझी अडचण. आमच्या बँडच्या एका संथ गाण्यात सगळे एकदम थांबतात. चार ठेके शांतता, मग पुन्हा सुरू. मागच्या कार्यक्रमात त्या शांततेत माझी गिटार जुन्या फ्रीजसारखी गुणगुणत राहिली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी उठून पंखा बंद केला. आमचा बेसवाला उंट (उंची बघा, मग मान बघा) त्यानंतर शांतपणे म्हणाला, "पुढच्या वेळी गुणगुणली, तर तुझ्या जागी दुसरा कोणीतरी."

ती पुढची वेळ म्हणजे आजची संध्याकाळ. गाणं तेच, आणि त्यात स्विच मध्ये लागतो.

स्विच वर

वहिनी कानाला लावायची मशिनं दुरुस्त करते. वायरी जोडायला कथील वितळवून ती डाग देते, तो म्हणजे मोहरीएवढा चमकता ठिपका. मी न गुणगुणणाऱ्या दोन पिकअप आणल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वापरलेल्या. तिने त्या हातात घेऊन लगेच जाहीर केलं, "वन्सं, हे नाजूक काम आहे. तुझ्या भावाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस."

स्विच खाली

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा डाग बटाण्याएवढा, पण त्याला लटकलात तरी तुटणार नाही. तो म्हणाला, "अगं, मी दहा मजले माणसं वर नेतो. माझ्या वायरीवर विश्वास नाही, आणि हिच्या मोहरीवर आहे?"

स्विच मध्ये

दोघं एकदम बोलले. जे जे सारखं होतं ते एकमेकांत बुडालं. वर तरंगलं ते एवढंच:

बटाणा
        तुमच्या आईसुद्धा
  कधी गीझर
              हुं

मी वाटणी केली. वरची पिकअप वहिनीची, खालची दादाची. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गिटार पालथी घातली, मागची झाकणं काढली. जुन्या वायरी धूळ आणि गुंत्यासकट बाहेर आल्या. डाग देताना निघणारा राळेचा धूर नाकात गेला. प्रत्येक पिकअपला एक काळी वायर, एक पांढरी. दोघांनी काळी अर्थिंगला जोडली, पांढरी स्विचकडे नेली. म्हणजे दोघांनी तंतोतंत तेच केलं आणि एकमेकांकडे बघून नाक मुरडलं.

स्विच वर

गोल, जाड, गोड आवाज. गुणगुण शून्य. वहिनीने चष्मा काढून पदराने पुसला, जसं काही पुरस्कार घ्यायला जायचंय.

स्विच खाली

धारदार, लखलखीत. गुणगुण शून्य. दादाने टेबलावर ताल धरला. "लिफ्ट वर चालली," तो म्हणाला.

स्विच मध्ये

पत्र्याच्या डब्यात कोंडलेला डास.

"ही तुमची," वहिनी म्हणाली.

"छे! माझी आत्ताच ऐकलीस. चोख होती."

"माझीही चोख होती."

दोघांचंही खरं होतं. मी पिकअपच्या दुकानदाराला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तीच माझी चूक.

"कंपन्या वेगळ्या आहेत ना?" दुकानदार म्हणाला. "मग तारेचे वेढे उलट असणार. एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. आवाज आपापसातच मरतो. काही नाही हो, एकीच्या काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल करा."

"कुठल्या एकीच्या?"

"कुठल्याही!"

हा शब्द आमच्या घरात कधीच चाललेला नाही.

"मग हिची उलटी करा," दादा म्हणाला.

"का? मी काय चुकले?"

"तू नाही चुकलीस."

"मग तुमची करा."

"मी चुकलोय का?"

मी इस्त्री, म्हणजे डाग देणारी, उचलली. दोघांनी गिटारवर हात ठेवले, आपापल्या बाजूला. "माझ्या डागाला हात लावायचा नाही!" हे मात्र दोघं एका सुरात म्हणाले.

मी आतल्या खोलीत गेले आणि खरी इस्त्री घेऊन संध्याकाळचा शर्ट झोडपायला लागले. उंटाची गाडी येतच असणार होती.

स्विच वर

वहिनीचा आवाज: "अहो लिफ्टवाले, गच्चीवरचे कपडे काढून आणा जरा." दार वाजलं. मग राळेचा वास आला.

स्विच खाली

दादा परत आला. त्याचा आवाज: "तुझी ती निळी चादर शेजाऱ्यांच्या दोरीवर गेलीये. ते तुझ्याशीच बोलतील." दार वाजलं. मग राळेचा वास आला. मला वाटलं, पहिलाच अजून रेंगाळतोय.

स्विच मध्ये

मी बाहेर आले तेव्हा दोघं शेजारीशेजारी बसली होती. दोघांच्या चेहऱ्यावर एकच पुण्याई.

"बघ वाजवून," दादा उदारपणे म्हणाला.

"हो, बघच," वहिनी त्याच्याहून उदारपणे म्हणाली.

डास. तोच डास, त्याच डब्यात.

"पण मी तर उलटी केली!"

हे दोघं म्हणाले. एकदम. एकही अक्षर मागेपुढे नाही.

दादा वहिनीकडे बघत होता, वहिनी चादरीकडे. माझ्यासाठी नमतं घेताना दोघंही पकडली गेली होती, आणि दोघांनाही पहिली काळजी ही होती की दुसऱ्याने ते पाहिलं.

"तू कधी..." दादा म्हणाला.

"तुम्ही गच्चीवर होता तेव्हा. आणि तुम्ही?"

"चादर."

खाली हॉर्न वाजला. उंट.

"भिंतीकडे तोंड करा," मी म्हणाले. "दोघांनी. डोळे मिटून."

"अगं, पण..."

"दादा, भिंत!"

मी एकाच पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या आणि उलट जोडल्या. डाग मोहरी आणि बटाण्याच्या मधोमध घातला. झाकणं बसवली, मग वहिनीच्या कपाटातलं नेलपॉलिश आणून प्रत्येक स्क्रूवर लाल थेंब सोडला. कोणी उघडून बघितलं तर कळेल.

"कुणाची केलीस?" दोघं भिंतीला विचारत होती.

मी जिना उतरत होते.

स्विच मध्ये

हॉल भरला होता. दादा-वहिनी तिसऱ्या रांगेत. संथ गाणं आलं. स्विच मध्ये. आवाज असा निघाला की ड्रमवाल्याने मान वळवून पाहिलं. उंटाने हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो.

एक. गिटार गप्प. फ्रीज नाही, पंखा नाही. इतकी शांतता की मला माझंच गिळणं ऐकू आलं.

दोन.

"तुझीच केलीये," तिसऱ्या रांगेतून कुजबुज आली आणि ती शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट पोचली.

तीन.

"गप्प बसा हो. बटाणा कोणीही आधी काढेल."

चार. आम्ही सुरू झालो. अर्धा हॉल हसत होता. पहिल्या रांगेतले तेच आजोबा मागे वळून पंख्याऐवजी माझा भाऊ शोधत होते.

पडद्यामागे उंट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मान वाकवून त्याने गिटारकडे पाहिलं, मग लाल थेंबांकडे.

"गुणगुण गेली," तो म्हणाला. "तू राहतेस. पण ती दुसरी काय होती?"

"ती पिकअपची नाही," मी म्हणाले. "ती घरची आहे."

"जाणार नाही का?"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांमध्ये ती दोघं अजून बसली होती, डोक्याला डोकं लावून. दादाच्या हातात त्याचा खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता आणि वहिनी पर्समधून तीच लाल नेलपॉलिशची बाटली काढत होती.