तिसऱ्या फितीवरचं पान

अण्णांचं बोट माझ्यावर येऊन थांबलं आणि नखानं मला ढकलायला लागलं, तेव्हा अंबिकाला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अण्णा म्हणजे तिचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार पिराजी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बोलायला उरलं ते डावं बोट. भूक लागली की ते पोटावर जायचं, तहान लागली की गळ्यावर. त्या दिवशी मात्र ते कोटावरच्या पदकांवर आलं, आणि पदकांवरून थेट माझ्यावर.

मी बोलतोय म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मी एक पान आहे. झाडाचं नाही, धातूचं. कमळाच्या पानासारखं, करंगळीच्या नखाएवढं. लढाईच्या अहवालात एखाद्या जवानाचं नाव मानानं घेतलं गेलं की त्याला वेगळं पदक मिळत नाही, मी मिळतो. ज्या मोहिमेत नाव झालं, त्याच मोहिमेच्या पदकाच्या फितीवर मी बसायचं. दुसरीकडे बसलो की कुंकू गालावर लावल्यासारखं. बघणारा एक तर हसतो, नाहीतर संशय घेतो.

एका ठशाखाली माझ्यासारखी शंभरेक पानं एकदम जन्मली. कुणावरच नाव नव्हतं. माझ्या वाट्याला पिराजी आले. बर्फातल्या मोहिमेवर कडा कोसळला, तेव्हा गाडलेल्यांना काढायला कमरेला दोरी बांधून ते तीनदा परत गेले होते. तिसऱ्या खेपेला उदगीरकडचा गुरुबसप्पा हाताला लागला. सहा महिन्यांनी कागद आला, कागदामागून मी. पिराजींनी मला स्वतःच्या हातानं फितीवर बसवलं. काडेपेटीतली काडी आडवी धरून दोन्हीकडचं अंतर मापलं.

"तिरकं हाय," गुरुबसप्पा म्हणाला.

"तूच तिरका बघायलास," पिराजी म्हणाले.

त्या फितीवर मी यंदापर्यंत, पंचवीस वर्षं, सरळ बसून होतो.

नोकरी संपली, लातूरजवळच्या मुरुडच्या घरी पत्र्याची ट्रंक आली. कोटाच्या घडीत कडुलिंबाचा पाला, आणि अंधार. वर्षातून दोनदा झेंड्याला बाहेर पडायचो. लोक पदकं मोजायचे, "पाच हायेत" म्हणायचे, पुढं जायचे. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि पिराजींनी घरात कधी सांगितलं नाही. चांगुणाबाई, त्यांची बायको, "ते त्यांचं फौजेतलं हाय" एवढंच म्हणायची. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. आतून ज्याच्या जोरावर जगतात, तेच नेमकं ओठांवर आणत नाहीत. पुढे कधी बोलताच आलं नाही तर काय, याचा विचार कुणी करत नाही.

यंदा अंबिकाच्या कॉलेजानं सव्वीस जानेवारीला अण्णांचा सत्कार ठरवला. पोरीनं हौसेनं ट्रंक उघडली, तर फितींना कसर लागलेली. ती पदकांची पट्टी घेऊन लातूरला गेली. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत खाजाभाईंचं दुकान आहे. लग्नातल्या बँडवाल्यांचे झालरीदार कोट शिवण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. फिती कुठून तरी हुबेहूब मिळवल्या, पाचही पदकं नव्यानं ओवली. मग मला चिमटीत धरून ते जरा वेळ बघत राहिले.

"एका कोपऱ्यात होतं बेटी हे. बरं दिसत नव्हतं. मधोमध बसवलं. आता कशी नजर सीधी तिथंच जाती."

बँडच्या कोटावर बिल्ला मधोमधच असतो. त्यात खाजाभाईंची काय चूक? पण कोपऱ्यातली पहिली फीत बर्फाच्या मोहिमेची होती. मधली, तिसरी, देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाची. ते पदक त्या दिवशी नोकरीत असलेल्या साऱ्यांना मिळालं होतं. तिथं मी बसलो म्हणजे नुसता नट्टापट्टा.

जाताना खाजाभाईंनी जुन्या फितींची कागदी पुडी तिच्या हातात ठेवली. "फौजेचं कापड हाय. फेकू नको." अंबिकानं ती शिवणाच्या डब्यात टाकली आणि विसरली. घरी येऊन तिनं कोट अण्णांपुढं धरला, तेव्हाच त्यांचं बोट मला ढकलायला लागलं होतं.

चोवीस तारखेला दुपारी शेजारच्या गल्लीतले सिद्रामप्पा आले. हेही माजी सैनिक. खुंटीवरच्या कोटाजवळ जाऊन त्यांनी चष्मा वर केला.

"पोरी, हे पान कुठून आणलं?"

"अण्णांचंच आहे."

"आसंल बाबा. बावीस वर्षं फौजेत काढली, असं पान लावलेला गडी मी तर बघितला न्हाई." चहा बशीत ओतत ते म्हणाले, "स्टेजवर मोठमोठे लोक येणार. कुणी विचारलं तर बापाला बोलता येत न्हाई. तूच काय ते सांग."

मला त्यांनी बरोबर ओळखलं होतं. जागा चुकली, एवढे दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते. मी पाहिले. चहाबरोबर त्यांनी ते गिळले.

अंबिका कुकरच्या शिट्टीलासुद्धा दचकणारी. ते गेल्यावर ती मोबाइल घेऊन मोरीच्या आडोशाला बसली आणि वाचत सुटली. हक्क नसताना फौजेची चिन्हं लावणं गुन्हा आहे, असं कुठंतरी आलं. तिथंच तिनं वाचणं थांबवलं. घाबरलेला माणूस पुढची ओळ वाचत नाही. पुढच्या ओळीत कदाचित मी होतो.

तिला आठवायला लागलं. अण्णांनी पानाबद्दल कधीच का सांगितलं नाही? परवा बोटानं ते का ढकलत होते? लाज वाटत असेल का? अण्णांच्या जुन्या डायरीतून तिनं त्यांच्या फौजेतल्या मित्राचा, गुरुबसप्पांचा, नंबर काढला. घंटा वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. पुन्हा लावायची, पुन्हा तेच. मधल्या वेळात प्रश्न घोकायची. "काका, अण्णांना ते पान खरंच मिळालं होतं का?" मग हळू आवाजात, "काका, राग मानू नका, पण ते पान..."

पंचवीसच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती हेच पुटपुटत होती. मधल्या भिंतीला वर फट आहे. बाजेवर पडलेल्या अण्णांचं बोट चादरीवर चाळा करत होतं, ते थांबलं. मग त्यांनी मोठ्या कष्टानं मान वळवली आणि तोंड भिंतीकडं केलं. हे फक्त मी पाहिलं. बर्फात तीनदा परत गेलेला हा माणूस. त्याला त्याच्याच घरात कुणी खोटा समजत होतं. आणि मी, त्याचा घरातला एकमेव साक्षीदार, खुंटीवर भलत्याच फितीवर चमकत होतो.

सव्वीसला सकाळी आठ वाजता गाडी येणार होती. चांगुणाबाईनं अण्णांची दाढी केली, टोपी घातली. कोट घालायला गेली तर त्यांनी डावा हात अंगाशी घट्ट धरला.

"आता काय झालं? काल तर बरे हुते. घाला की, गाडी यील."

अण्णांनी हात सोडला तो माझ्यावरच झडप घालायला. नख माझ्याखाली गेलं, टाका उसवला. मी फितीतून सुटून फरशीवर पडलो आणि गरगरत बाजेखाली गेलो. त्यांच्या बोटाला रक्त आलं.

"अगं अंबे, बघ काय करून ठेवलं," चांगुणाबाई म्हणाली आणि हळद आणायला धावली.

अंबिकानं पुन्हा गुरुबसप्पांना फोन लावला, आवाज मोठा करून फळीवर ठेवला, आणि मला शोधायला बाजेखाली वाकली. सापडलो तसं तिनं मला ओठांत धरलं, बायका टाचणी धरतात तसं, आणि सुईसाठी शिवणाचा डबा उपडा केला. सुईबरोबर ती कागदी पुडी पडली आणि उलगडली.

जुन्या फिती. उन्हानं, धुळीनं विटलेल्या. पण एका फितीवर एक ठिपका मूळच्या रंगाचा राहिला होता, ताजा, गडद. पानाच्या आकाराचा. त्यात दोन बारीक भोकं.

तिनं मला ओठांतून काढलं आणि त्या ठिपक्यावर ठेवलं. मी तंतोतंत बसलो. पंचवीस वर्षं ज्या जागेवर ऊन पडू दिलं नव्हतं, ती माझी जागा. ती वर बघते तर अण्णा तिच्याकडंच बघत होते. हळद लावलेलं बोट त्यांनी नव्या पट्टीवर नेलं. तिसऱ्या फितीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर. तिथं ते टेकलं.

अंबिकानं मला पुन्हा ओठांत धरलं. दोरा सुईत जाईना, कारण डोळे भरलेले. दोन दिवस घोकलेला तो प्रश्न माझ्यामागं, दातांच्या आड अडकून होता. मी दारात बसलो होतो, आणि त्याला बाहेर पडू देणार नव्हतो.

एवढंच मागणं आहे माझं. घरात कुणाचं असं काही ट्रंकेत पडलेलं असेल, तर त्याचं तोंड चालतं आहे तोवर विचारून ठेवा.

फळीवरची घंटा थांबली. खरखर झाली. वाऱ्याचा आवाज आला, लांब कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली.

"हॅलो. कोण?"

अंबिकाचं तोंड बंद, अण्णांची वाचा गेलेली. चांगुणाबाई हळदीची वाटी ठेवायला आत गेलेली.

"हॅलो?" मग तिकडचा आवाज हळू झाला. "पिराजी? बोलत न्हाईस म्हंजी तूच हायस नव्हं?"

बाजेच्या लाकडावर अण्णांचं बोट वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा.