वहीतलं बाळ

आई दत्तक आलेली. आपली माणसं शोधायला तिनं अनाथाश्रमात अकरा वर्षं खेटे घातले. फाईल मिळाली, पण आई गेल्यावर. आत एकच ओळ होती: "वाल्मीक गांगुर्डे, वणी, यांनी पाच दिवसांची मुलगी आणून दिली. १२ मार्च १९७१."

अस्थी घेऊन मी रामकुंडावर गेले. तिथल्या गुरुजींकडे गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात. अस्थी घेऊन येणारा त्यात लिहून जातो. मी मुद्दाम वणीच्या गांगुर्ड्यांची वही काढायला लावली. वाल्मीकनं लिहिलं होतं: "मुलगी कुसा, वय सतरा, बाळंतपणात गेली. बाळही गेलं." तारीख तीच, १२ मार्च.

म्हणजे एकाच फेरीत या माणसानं लेकीच्या अस्थी सोडल्या आणि याच गावातल्या अनाथाश्रमात जिवंत नात टाकली. वर सगळ्यांना सांगितलं, मेली. मग तिला शोधायला कोण येणार होतं?

मी पेन उचललं.

"जुनं खोडायचं नाही हं," गुरुजी म्हणाले.

"खोडत नाही. राहू दे ते. वाचू दे सगळ्यांना."

त्याच्याच खाली मी लिहिलं: "बाळ गेलं नव्हतं. परवा गेलं. वय चोपन्न."