छत्तीस टक्के

लढा यशस्वी झाला की माणसाला निदान झोप तरी लागावी, एवढीच सत्यशीला आक्कांची अपेक्षा होती. लढा यशस्वी होऊन आठ दिवस झाले होते आणि आक्कांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आता यश म्हणजे काय, तर तहसीलसमोरच्या कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरून अकरा दिवस बसल्यावर साहेबांनी एक कागद हातात दिला होता. ज्यांचा निराधार योजनेचा महिन्याचा पगार बंद झाला, त्यांची फेरतपासणी होईल, असं त्यावर लिहिलं होतं. पगार सुरू होईल असं नव्हतं लिहिलं. पण अकराव्या दिवशी माणसं एवढी थकली होती, की साहेबांनी नुसता कोरा कागद दिला असता तरी त्यांनी घोषणा दिल्या असत्या. आक्कांनीही दिली. त्यांचा घसा बसला होता, त्यामुळे ती कुणाला ऐकू आली नाही एवढंच.

आक्का बावन्न वर्षांच्या. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. तेव्हापासून पट्ट्या-सळ्यांचा बूट घालून वाटूर भागातल्या दहा-बारा गावांतून त्या फिरत आल्या होत्या. एकवीस वर्षं अपंगांची संघटना चालवली. मधल्या काळात सरकारनं अपंगांना दिव्यांग म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, शब्द एवढा मोठा केलाय तर मागून काहीतरी येत असेल. मागून आली ती पडताळणी.

आणि त्या पडताळणीत जे झालं, त्याला आक्काच कारण होत्या. हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं. त्या स्वतःच स्वतःला दिवसातून दहा वेळा म्हणत होत्या.

झालं असं, की आक्कांची एक शिकवण होती. आंबेडकर जयंतीच्या भाषणात, बचत गटात, पारावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं त्या सांगायच्या, "सायबापुढं रडायचं न्हाई. आपण भीक मागाया चाललो न्हाई, हक मागाया चाललो. ताठ उभं राह्यचं." जून महिन्यात पडताळणीचं शिबिर लागलं, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी गावातल्या चौदा जणांना समाजमंदिरात गोळा केलं आणि चक्क तालीम घेतली. कपडे धुतलेले पाहिजेत, डोक्याला तेल पाहिजे, अंगठा नको, सही पाहिजे. डॉक्टरनं विचारलं तर स्पष्ट बोलायचं. जे जे येतं ते ते करून दाखवायचं.

माणसं भोळी. त्यांनी सगळं करून दाखवलं. लकव्यानं उजवा हात लुळा पडलेल्या पुंजाराम मामांनी डॉक्टरसमोर पाच मिनिटं खपून शर्टाची गुंडी लावली आणि वर सहीही केली. नऊ वर्षांची मीना काठी टाकून चक्क बारा पावलं चालली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं मीनासाठी टाळ्या वाजवल्या. आक्कांचा ऊर भरून आला, कारण ती बारा पावलं त्यांनीच तिला शिकवली होती. समाजमंदिरामागं दोन बांबू आडवे बांधून, रोज संध्याकाळी, दोन वर्षं.

महिन्याभरानं दाखले आले. चौदापैकी अकरा जण चाळीस टक्क्यांच्या खाली. मीनाच्या दाखल्यावर छत्तीस टक्के लिहिलं होतं. चाळीसच्या खाली गेलं की माणूस सरकारदरबारी धडधाकट होतो आणि त्याचा पगार बंद होतो.

मीनाची आई बेबीनंदा. मीना जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती आणि तिची डावी बाजू कायमची अशक्त राहिली. बाप पुण्याला कंपनीत जातो म्हणून गेला, तो अजून जाऊनच राहिला आहे. पगार होता तोवर बेबीनंदा गावातच धुणीभांडी करून पोरीला कडेवर शाळेत नेऊन सोडायची, दुपारी आणायची. शाळा दीड किलोमीटर लांब, मधे ओढा. पगार बंद झाल्यावर तिला दिवसभर रानात जाणं भाग पडलं. आधी निंदणी, मग कापूस वेचणी. पोरीला घरी एकटं कसं टाकायचं? म्हणून मीनाही रानात जायची आणि गोणपाटावर बसून राहायची. हजेरीपटावर नाव होतं, वर्गात पोर नव्हती. शाळेत दुपारी खिचडी मिळायची, तीही गेली. दिवाळीनंतर आक्का एकदा त्यांच्याकडं गेल्या, तर मीना काळ्या चहात शिळी भाकरी बुडवून खात होती आणि तिच्या फ्रॉकच्या बाह्या खांद्यावरून घसरत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताडपत्री काढली.

तर आज ती फेरतपासणी होती. तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात शिबिर भरलं होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झालरी तशाच लोंबत होत्या, आणि जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर डॉक्टरांचं टेबल मांडलेलं. खाली लाल खुर्च्यांवर सव्वाशे माणसं. डिसेंबरची थंडी, तरी आत कोंदटून आलं होतं.

पुंजाराम मामा अंगावर शाल घेऊन बसले होते. शर्ट पोटापर्यंत उघडा.

"मामा, थंडी वाजंल ना. गुंड्या लावा," आक्का म्हणाल्या.

"एक डाव लावली तं सहा महिने पगार गेला," मामा म्हणाले. "आता मेलो तरी लावत न्हाई. अन् सही बी ईसरलो म्हणून सांगणारे."

आजूबाजूचे हसले. आक्काही हसल्या, पण त्यांना ते लागलं. जूनमध्ये हीच माणसं नवरदेवासारखी नटून आली होती. आज कुणी दाढी केली नव्हती, कुणी मुद्दाम मळका सदरा घातला होता, एक बाई तर पायात चप्पल न घालता आली होती. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. एका फटक्यात सगळे शहाणे झाले होते.

बेबीनंदानं आक्कांना खांबाआड ओढलं.

"आक्का, येक काम हाय. तुमच्याबगर व्हनार न्हाई."

"बोल."

"मीनीला सांगा, आज चालू नको म्हणून. म्या सांगून थकले. ऐकतच न्हाई. आक्का म्हन्ली तर ऐकीन, म्हणती."

बेबीनंदाच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडल्या होत्या. त्या बोटांनी तिनं आक्कांचं मनगट धरलं.

"मला कळतं, आक्का. तुमी तिला दोन साल शिकवलं. पण चाळीसच्या खाली आली तर मंग पोरीची शाळा गेलीच समजा. अजून येक साल रानात बसली तं कोन घेईन तिला वर्गात?"

"मी आधी डॉक्टरला बोलून बघते," आक्का म्हणाल्या.

पुंजाराम मामांचा नंबर आला, तेव्हा त्यांना धरायच्या निमित्तानं आक्का स्टेजवर चढल्या. डॉक्टर जूनचाच होता. त्यांना पाहून ओळखीचं हसला. आक्कांनी शांतपणे सगळं सांगितलं. पोरगी बारा पावलं चालते हे खरं, पण शाळा दीड किलोमीटर आहे, मधे ओढा आहे, बारा पावलांत शाळा येत नाही. वजन बघा तिचं. आईचे हात बघा.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. पेन खाली ठेवून ऐकलं.

"ताई, तुमचं सगळं पटतं मला," तो म्हणाला. "पण शाळा किती लांब आहे, असा रकाना या फॉर्ममध्ये नाही. घरी काय खातात, हाही नाही. मला समोर दिसेल तेवढंच लिहिता येतं."

तो वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी कसं भांडायचं ते आक्कांना एकवीस वर्षांत चांगलं जमलं होतं. या चांगल्या पोराला नमस्कार करून त्या मामांना धरून खाली उतरल्या.

मीना मागच्या रांगेत काठी मांडीवर घेऊन बसली होती. आक्का दिसताच तिचा चेहरा फुलला.

"आक्का, मी आज वीस पावलं चालणारे! रानात रोज चालते मी, तुरीला धरधरून. आईला बी म्हाईत न्हाई. जूनमधी बाराच झाल्ते ना?"

आक्का तिच्याजवळ खुर्चीवर बसल्या. रानात बसवलेली पोर, कुणी बांबू बांधून दिले नाहीत तर तुरीची झाडं धरून चालत होती! एरवी हे ऐकून त्यांनी तिला उचलून घेतलं असतं, अख्ख्या गावाला सांगितलं असतं. आज त्यांना फक्त थकवा आला, हाडापर्यंत पोचलेला.

"चल, बाहेर जाऊ जरा," त्या म्हणाल्या.

मंगल कार्यालयाच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ कुणी नव्हतं. पत्रावळींचा ढीग पडला होता. आक्कांनी तिला टाकीच्या कठड्यावर बसवलं.

"मीने, आज चालायचं न्हाई."

"का?"

"तू चाललीस तं सायेब म्हणतेत, पोरगी चांगली हाय, हिला पगार कशाला. मंग आई रानात अन् तू बी रानात. न्हाई चाललीस, पडलीस, तं पगार चालू व्हतो. मंग तू शाळेत जाशील."

मीनानं जरा विचार केला. नऊ वर्षांची पोर, पण तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"म्हंजी मुद्दाम पडायचं?"

"हां."

"खोटं न्हाई का ते?"

आक्कांना वाटलं, सांगावं की संध्याकाळी दमल्यावर तू पडतेसच, ते तू आज सकाळी पडून दाखवायचंस, एवढंच. पण पोरीच्या डोळ्याला डोळा देऊन असं काही बोलणं त्यांना जमेना.

"खोटंच हाय," त्या म्हणाल्या. "मी सांगते म्हणून कर."

"लागंल?"

"बराबर पडलं तं न्हाई लागत."

"मंग शिकवा," मीना म्हणाली आणि काठी टेकत उठून उभी राहिली.

आक्कांनी शिकवलं. पडण्यात त्यांच्याएवढी जाणकार तालुक्यात दुसरी नव्हती. आधी डावा गुडघा सोड. हात पुढं टाक, पण बोटं मिटून. तोंड वर ठेव, दात सांभाळ. पडल्यावर लगेच उठायचं नाही, बघायचं नाही कुणाकडं. मीना एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा इतकी खरी पडली, की आक्काच धावल्या. पोरगी हुशार होती. चालायला तिला दोन वर्षं लागली होती, पडायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

नंबर पुकारला गेला. बेबीनंदानं मीनाला स्टेजवर नेलं, आक्का मागं उभ्या राहिल्या. डॉक्टरनं काठी बाजूला ठेवायला सांगितली. मीना एक पाऊल चालली, दुसरं टाकलं, आणि कोसळली. फरशीवर गुडघ्याचा आवाज झाला. सव्वाशे माणसांत कुणीतरी "अगं माय" म्हणालं.

डॉक्टर स्वतः उठून धावला. त्यानं तिला उचलून खुर्चीत बसवलं, पाय दाबून पाहिला, आणि मग त्याला आठवलं.

"ही तीच ना? जूनमध्ये किती छान चालली होती! काय केलंत तुम्ही? व्यायाम बंद केला का?" त्याचा आवाज चढला होता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "एवढी सुधारलेली मुलगी घालवलीत तुम्ही."

बेबीनंदानं तोंड उघडलं. आक्का पुढं झाल्या.

"माझी चूक झाली, सायेब," त्या म्हणाल्या. "मी शिकवत व्हते तिला. माझ्याच्यानं ध्यान देनं झालं न्हाई."

त्या मान खाली घालून उभ्या होत्या. खाली खुर्च्यांवर संघटनेची माणसं बसली होती. आक्कांना साहेबापुढं असं उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुंजाराम मामांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

डॉक्टरनं लिहिलं. अठ्ठेचाळीस टक्के. "तीन वर्षांनी परत दाखवा," तो म्हणाला. "आणि व्यायाम पुन्हा सुरू करा, ताई. चालेल ती. माझी खात्री आहे."

बाहेर आल्यावर बेबीनंदा भिंतीला टेकून रडली. आनंदानं की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आक्कांनी मीनाचा गुडघा पाहिला. कातडी सोलवटून रक्त आलं होतं. त्यांनी पदराचं टोक ओलं करून पुसायला घेतलं.

"आक्का, बराबर पडले ना मी?" मीनानं विचारलं.

"हां माय. लई बराबर पडलीस."

मीना खूश झाली. मग तिनं काठीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर माणसं होती, शिबिरातून बाहेर पडणारे कारकून होते.

"मंग उद्या शाळेत? चालू का पडू?"

आक्कांनी पदराचं ओलं टोक पुन्हा तिच्या गुडघ्यावर धरलं.

"उद्या आई कडेवर नेईन तुला," त्या म्हणाल्या.

"पन मला तं चालता येतं ना, आक्का," मीना हळू आवाजात म्हणाली, कुणी ऐकत तर नाही ना हे बघून.