शेवाळ आणि पायगुण

मी या घरात सून म्हणून आले आणि त्याच महिन्यात इथे समुद्रही आला. माझे सासरे तोलेउखान खाणीतून निवृत्त झाले आणि माणसांसारखं शांत बसायचं सोडून त्यांनी कझाकस्तानातल्या करागांदी शहरातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात, बैठकीच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. पांढरे खडक, पोवळ्यांचे काही तुकडे, केशरी माशांची जोडी. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी टाकीचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक केलं. मी काही मनावर घेतलं नाही, कारण तोवर माझी आणि टाकीची दुश्मनी सुरू झाली नव्हती.

थंडी पडता पडता टाकी बिघडली. आधी वाळूवर तपकिरी थर चढला. सासरे म्हणाले, "नव्या टाकीला होतंच असं. बाळाला दात येताना त्रास होतो ना, तसं." तो थर गेला, पण मागून हिरवं शेवाळ आलं, चांगलं केसांसारखं लांब. खडक दिसेनात. अल्माटीहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या, तर त्या आपल्या काचेवर एका जागी बसून राहिल्या. सासऱ्यांनी दिव्याचे तास कमी केले, गाळलेलं पाणी पुनःपुन्हा गाळलं, बाह्या सरसावून शेवाळ मुठीमुठीने उपटलं. आठवड्याभरात पुन्हा जैसे थे.

सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे पाण्यात दोषच सापडत नव्हता. सासरे नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग बघायचे. सगळं स्वच्छ. "शेवाळच सगळी घाण खाऊन टाकतंय, म्हणून ती पाण्यात दिसत नाही," असं ते म्हणायचे. "पण एवढं खायला त्याला घालतंय कोण?"

या 'कोण'वरून घरातल्या नजरा फिरायला लागल्या, आणि फिरून फिरून माझ्यावर थांबायला लागल्या.

सुरुवात केली कलामकासने. ही आमची शेजारीण. हिच्या कानावर गेलेली गोष्ट चौथ्या मजल्याला तिच्याआधी कळते. शुक्रवारचा चहा पिता पिता ती सासूबाईंना म्हणाली, "इरिस्ती, वाईट वाटून घेऊ नकोस, पण सून यायच्या आधी पाणी कसं आरशासारखं होतं! काहींचा पाय लाभतो, काहींचा नाही लाभत." मी तिथेच बसून चहा ओतत होते. सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही. नुसती जीभ टाळ्याला लावून च्च् केलं.

मग सासऱ्यांना एक गोष्ट सापडली. टाकीच्या खाली एक यंत्र असतं, पाण्यातली घाण फेस करून वर काढणारं. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फेस बसायचा. यंत्र चालू, बुडबुडे चालू, पण फेस नाही. सासरे म्हणाले, "हे तेलकटामुळे होतं. कोणीतरी तेलकट हात पाण्यात घालतंय." आणि माझ्या हातांकडे बघितलं. थंडीत माझे हात फुटतात, मी क्रीम लावते, हे घरभर माहीत होतं.

"अता, मी तुमच्या टाकीला हातसुद्धा लावत नाही," मी म्हटलं. सासऱ्यांना मी अता म्हणते.

"मी कुठे काय म्हटलं, पोरी?" ते म्हणाले. हेच तर वाईट. कोणी काही म्हणतच नव्हतं.

त्या रात्री माझ्या नवऱ्याने, दोस्झानने, दिवा मालवल्यावर विचारलं, "खरं सांग हं, रागावणार नाही मी. गंमत म्हणून घातला होतास का हात?"

आईबापांचं घर सोडून आले ते याच्या भरवशावर. सासू काय, शेजारीण काय, त्यांचं मी ऐकून घेतलं असतं. पण यानेही विचारावं? मी भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं मला झोप लागली, आणि त्याला लगेच लागलीसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून मी क्रीम बंद केलं. बोटं भेगाळली, धुण्याच्या पाण्यात आग व्हायची. शुक्रवार आला, आणि फेस बसला तो बसलाच. म्हणजे कोणीतरी दुसरं होतं. आणि शुक्रवारी आमच्याकडे येणारं कोण? गेलेल्यांच्या नावाने सासूबाई शेल्पेक तळतात, तेलात फुगलेल्या पातळ पोळ्या. त्या खायला आणि दुआ म्हणायला घरचे जमतात, कलामकास जमते, आणि माझी जाऊ बालझान जमते.

बालझान! माझा संशय तिथे जाऊन घट्ट बसला. टाकी जिथे आहे तिथे बालझानला मुलीचा पियानो ठेवायचा होता, आणि सासऱ्यांनी नाही म्हटलं होतं. शिवाय ती आली की आधी टाकीपाशी जाऊन उभी राहायची आणि गोड आवाजात विचारायची, "अजून हिरवंच का गं?" एवढं गोड माणूस उगाच बोलत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी चहा ओतायला अशा जागी बसले की समोरच्या कपाटाच्या काचेत मागची टाकी दिसावी. सगळे गालिच्यावर बसले होते. सासऱ्यांनी दुआ म्हटली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. थोड्या वेळाने बालझान उठली, टाकीपाशी गेली, पर्समध्ये हात घातला. माझ्या हातातली किटली थांबली. तिने पर्समधून आरसा काढला, टाकीच्या निळ्या उजेडात ओठ रंगवले आणि परत येऊन बसली. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

आणि मग सासूबाई उठल्या. रुमालात एक शेल्पेक घेतली. सासऱ्यांचं कलामकासशी खाणीबद्दल काहीतरी चाललं होतं. टाकीच्या मागच्या बाजूला, जिथून पंप पाणी ओढतो, तिथे त्यांनी पोळी चुरली आणि ओठ हलवले. त्यांच्या तोंडून मला माझंच नाव ऐकू आलं, झानिल.

मी किटली घेऊन त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं.

"आपा, माशांना पोळी?"

त्या दचकल्या, पण नाकारलं नाही. "हळू बोल. मुक्या जिवाला तुझ्या नावाने घास घालतेय. तो पहिला तपकिरी थर आला तेव्हाच कलामकास म्हणाली होती, दर शुक्रवारी घातला की सगळं निवळेल."

"त्या तेलाने फेस बसतो! त्या पोळीवर शेवाळ पोसलंय!"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "पाणी जितकं बिघडलं तितकी मी जास्त घालत गेले. तुझ्यासाठीच केलं ना, पोरी?"

"माझ्यासाठी? म्हणजे माझा पाय वाईट, हे तुम्हालाही पटलं होतं."

त्यांनी ओट्यावरचं पीठ पुसायला घेतलं. पुसून झालेली जागा पुन्हा पुसली. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त संताप आला. मी म्हटलं, "सगळ्यांसमोर झालंय हे. सगळ्यांसमोर सांगा."

"तुझ्या सासऱ्यांसमोर? कलामकाससमोर? माझी काय शोभा राहील?"

"माझी राहिली का?"

वाटलं, बाई ओरडतील. पण त्यांनी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि बाहेर जाऊन, उभ्या उभ्याच, सगळं सांगितलं. पोळी, शुक्रवार, कलामकासचा सल्ला. शेवटी म्हणाल्या, "आणि मलाही वाटलं होतं की सुनेचाच पाय. चूक माझी." हे शेवटचं मी त्यांना सांगायला सांगितलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं असतं.

सासरे आधी टाकीकडे, मग बायकोकडे बघत राहिले. "महिनोन् महिने मी दिव्याला शिव्या घातल्या, मिठाला घातल्या, अल्माटीच्या त्या दुकानदाराला घातल्या! आणि तू माझ्या समुद्राला तळण खायला घालत होतीस?"

"दाणे नसतील घालायचे तर जीव कशाला पाळायचे?" त्या म्हणाल्या. सासऱ्यांना हसू आवरेना. बालझानही हसली. कलामकास मान खाली घालून बशीतल्या मनुका निवडायला लागली.

माझ्याकडे वळून सासरे म्हणाले, "पोरी, तुझ्या हातांकडे बघितलं होतं मी. माफ कर." मी मान हलवली. आता दिवे थोडे दिवस बंद ठेवू, पाणी बदलू, शेवाळ उपटू, असं ते उत्साहाने सांगायला लागले.

तेवढ्यात दोस्झान मोकळा हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला तर पहिल्यापासून माहीत होतं, झानिल असलं काही करणार नाही."

मी सगळ्यांचे पेले भरायला घेतले. आमच्याकडे माणसाला पेला अर्धाच भरून देतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करतो, पुन्हा भरता येतो, आपलेपणा वाढतो. काठोकाठ भरलेला पेला दिला तर त्याचा अर्थ एकच, एवढं प्या आणि उठा. सासूबाईंना मी अर्धा दिला. सासऱ्यांना, बालझानला, अगदी कलामकासलासुद्धा अर्धाच दिला.

दोस्झानचा मी काठापर्यंत भरला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढे ठेवला. बालझानचं हसणं थांबलं. सासूबाईंनी तो पेला पाहिला, मग लेकाकडे पाहिलं, आणि त्याची बाजू घ्यायला एक शब्दही बोलल्या नाहीत. दोस्झानने पेला उचलला, कढत चहा बोटांवर सांडला, तरी तो खाली ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.