निळी जाळी

आता आमच्या लॅबमध्ये मशीन आहे. एका तोंडाने रक्त पितं, दुसऱ्याने आकडे ओकतं. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण मास्तरांची आठवण आली की मला त्या मशीनचा राग येतो.

मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. मला मायक्रोस्कोप शिकवला तो त्यांनीच, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. "तांबडी पेशी हाडाच्या आतल्या मगजात वाढते. मोठी झाली की आपलं केंद्रक टाकून देते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून रक्तात शिरते. पण नवखी असते बिचारी, घरचं थोडं सामान अंगावर राहतंच." ते सामान निळ्या रंगात जाळीसारखं दिसतं, त्यावरून कोवळी पेशी ओळखायची. रंग गाळून घेतला नाही, तर त्याचा साकाही तसाच दिसतो. त्या साक्याला कोवळी पेशी म्हटलं म्हणून मी त्यांची किती बोलणी खाल्ली असतील!

मग काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, हाडांनी संप पुकारला. तांबड्या पेशी तयारच होईनात. आमच्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर उपचार सुरू झाले. कोवळ्या पेशी दिसू लागल्या तर काकू वाचणार, एवढं साधं होतं. घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, हा मास्तरांचाच नियम. त्यामुळे मी बघायचे आणि ते पाठ फिरवून बसायचे. मी "नाहीत" म्हटलं की उगाच बाटल्या पुसायचे.

एका सकाळी मी यायच्या आत त्यांनी नियम मोडला. मी पोचले तेव्हा ते जिन्यावरून हसत खाली येत होते.

"आल्या गं. तिला सांगूनसुद्धा आलो."

मी स्लाइड पाहिली. फोकस किंचित हलवला. निळे ठिपके पेशींच्या आत नव्हते, वर पडलेले होते.

"मास्तर, रंग गाळला होता ना?"

सांगितलेलं परत घ्यायला ते पुन्हा जिना चढून गेले.

पुढच्या आठवड्यात जाळ्या खरंच दिसल्या, चांगल्या भरपूर. मी रंग दोनदा गाळून पुन्हा खात्री केली.

"तूच जा वर," मास्तर म्हणाले. "माझ्यावर ती आता कशाला विश्वास ठेवेल?"

मी गेले, सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या दिवशी हे किती हसत आले होते गं," त्या म्हणाल्या. "कामात चुकलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही माझ्यापायी. तेवढ्यावरच मी हा आठवडा काढला."