खरवडलेलं झाड

पुस्तक एका निवृत्त वकिलांनी दुरुस्तीला दिलं होतं. त्यांच्या मूळ भागातल्या जादूटोण्याचं, भुताखेतांचं आणि घरगुती तोडग्यांचं. जुनं, हातानं रंगवलेल्या चित्रांचं. शिवण पार सुटली होती. मी पुस्तकं बांधते, जुनी दुरुस्तही करते, आणि घराची पुढची खोली हाच माझा कारखाना.

काय नव्हतं त्यात! चोर ओळखायचा मंत्र, चामखीळ घालवायचा उपाय, आटलेल्या गाईला पान्हा फुटावा म्हणून तिच्या कानात सांगायचं गुपित. 'रेंगाळणाऱ्या तापावर' अशा मथळ्याखाली एक डेरेदार हिरवं झाड काढलेलं होतं. खाली लिहिलं होतं, याची पानं उकळून द्यावीत. झाड न मिळाल्यास या चित्राचा रंग खरवडून पाण्यातून दिला तरी गुण येतो. लेखक पक्का बेरकी. वाचकही काही कमी नव्हते. एक फांदी कुणीतरी कधीकाळी नखानं खरवडून नेली होती.

रात्री जेवताना मी हे रंगवून सांगितलं. भावाला हसता हसता ठसका लागला. भावजय तेवढी हसली नाही. तिच्या मुलीला, आमच्या चिमणीला, महिनाभर ताप येत-जात होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणत, "हवा बदललीय, जाईल." आम्हीही तेच म्हणायचो. पोर उचलून घेतली की हलकी लागायची, पण भावजयीनं विषय काढला की भाऊ म्हणायचा, "तू राईचा पर्वत करतेस."

त्या पुस्तकाला हात लावायचा नाही, असं मी घरात बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. माझ्या खोलीतल्या कशालाच हात लावायचा नाही, आणि कारणं देत बसायला मला वेळ नसतो. जुन्या चित्रांतल्या त्या झगझगीत हिरव्या रंगात सोमल असतो, विषच ते. म्हणून मी हातमोजे घालून काम करते. घरच्यांना वाटतं, नखरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोरा आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा पुस्तक जागेवर होतं, झाड नव्हतं. बुंध्याच्या वर नुसता कोरा कागद, आणि कडेला थोडी हिरवी भुकटी.

हातातला दोरा तिथंच टाकला. तशीच आत धावले. चिमणी पलंगावर झोपली होती. मी तिला गदागदा हलवून उठवलं, तोंड उघडून जीभ पाहिली. तिनं भोकाड पसरलं. तेवढ्यात भावजय न्हाणीघरातून भिंत धरत आली. चेहरा पांढराफटक.

"तिला नाही दिलं हो, ताई."

"मग गेलं कुठं?"

"मी घेतलं. म्हटलं, आधी स्वतःवर बघावं. संध्याकाळपर्यंत मला काही झालं नाही, तर तिला द्यायचं."

"अगं बाई, विष आहे ते!"

"हो का?" म्हणत ती भिंतीला टेकून खाली बसली. "तरीच पोटात एवढं ढवळतंय."

चिमणीला शेजारणीच्या हवाली केलं, भावाला कामावरून घरी बोलावलं आणि हिला घेऊन मी मोठं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं. आज इथंच राहू दे. मग माझी जीभ सुटली. शिकलीसवरलेली बाई तू, चित्रं खरवडून खातेस? उद्या गाईच्या कानात बोलायला जाशील! ती डोळे मिटून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"म्हणजे त्यात औषध नव्हतंच?"

"नव्हतं गं."

"मग आता तिला काय द्यायचं?"

आमच्या घरात पोरीचा ताप हिनं एकटीनंच खरा मानला होता, आणि आम्ही बाकीचे हसत जेवत होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी उठून बाहेर गेले आणि भावाला फोन लावला.

"चिमणीला घेऊन आत्ताच्या आत्ता इथं ये."

"का?" तो घाबरला. "तिला काय झालंय?"

"तेच आपण कधी विचारलं नाही रे," मी म्हटलं. "ये लवकर."